नवी मॅक्रो लेन्स: दोष लेन्सचा की जवळिकीचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण चोवीस मेगापिक्सेलच्या, एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्यासाठी १०० मिमी.ची, १:१ पर्यंत (म्हणजे सेन्सरवर वस्तूएवढीच प्रतिमा पाडण्यापर्यंत) जाणारी मॅक्रो लेन्स नुकतीच घेतली. अंगणातल्या जास्वंदीचे अगदी जवळून फोटो काढले, तेव्हा एफ/२.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) पूर्ण उघडे ठेवून, फक्त टोकाचे तांबडे ठिपके स्पष्ट आले आणि बाकी सारे धूसर. म्हणून छिद्र अगदी बारीक करून, एफ/२२ वर काढून पाहिले, तर संपूर्ण चित्रच मवाळ झाले. लेन्स सदोष आहे का, ती परत करावी का, सप्टेंबरात कासच्या पठारावर जाताना ती कशी वापरावी आणि त्याआधी फ्लॅश व ट्रायपॉड घ्यावा का, हे आपण विचारले आहे.

आपल्या वर्णनावरून लेन्समध्ये दोष असेल असे मला वाटत नाही. दोन्ही वेळा जे दिसले ते त्या अंतरावर कोणत्याही उत्तम लेन्सकडून दिसलेच असते. तरीही परत करण्याची मुदत संपण्याआधी लेन्सची नीट पारख करून घ्यावी आणि ती फुलावर करू नये. फूल हलते, त्याला खोली असते आणि त्याच्या कडा मुळातच मऊ असतात. त्यामुळे फुलाच्या फोटोवरून दोष लेन्सचा, हाताचा की वाऱ्याचा हे ठरवता येत नाही.

पारख सपाट, स्थिर आणि बारीक तपशील असलेल्या वस्तूवर करावी. वर्तमानपत्राचे एक पान भिंतीवर ताणून चिकटवावे आणि कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा उंच टेबलावर पुस्तके रचून पक्का ठेवावा. कॅमेरा भिंतीला समांतर आहे की नाही हे पाहण्यासाठी पानाच्या मधोमध एक छोटा आरसा भिंतीला टेकवून धरावा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसले की सेन्सर आणि भिंत समांतर झाली असे समजावे. मग आरसा काढून, दोन सेकंदांचा टायमर लावून, एफ/४, एफ/५.६ आणि एफ/८ वर फोटो घ्यावेत आणि चारही कोपरे पूर्ण मोठे करून पाहावेत. चारही कोपरे मध्यापेक्षा किंचित मऊ असले तर त्यात काळजीचे काही नाही. एकच कोपरा किंवा एकच बाजू ठळकपणे पुसट असेल, तर कॅमेरा उलटा करून तेच फोटो पुन्हा काढावेत. पुसटपणा पुन्हा कॅमेऱ्याच्या त्याच कोपऱ्यात राहिला, तर लेन्समधले एखादे भिंग किंचित कलले आहे असे मानायला जागा आहे आणि अशी लेन्स अवश्य बदलून घ्यावी. पुसटपणाने जागा बदलली, तर मांडणीतच तिरकेपणा राहिला होता.

दुसरी पारख शाळेतल्या साध्या मोजपट्टीने होते. लेन्स सर्वांत जवळच्या अंतरावर नेऊन पट्टीचा फोटो घेतल्यावर आपल्या कॅमेऱ्यात आडव्या दिशेने साधारण साडेतेवीस मिलिमीटर दिसायला हवेत, कारण एपीएस-सी सेन्सरची रुंदी बहुतेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत तेवढीच असते आणि १:१ म्हणजे वस्तूची सेन्सरवर पडणारी प्रतिमा वस्तूएवढीच. तीच पट्टी पंचेचाळीस अंशांत तिरकी ठेवून एफ/२.८, एफ/८, एफ/१६ आणि एफ/२२ वर एकेक फोटो घेतला, तर किती मिलिमीटर स्पष्ट येतात आणि कोणत्या ॲपर्चरपासून पट्टीवरच्या रेघा पुन्हा मवाळ होऊ लागतात, हे आपल्याला प्रत्यक्ष दिसेल. हे चार फोटो जपून ठेवावेत. पठारावर ॲपर्चर निवडताना कोणत्याही कोष्टकापेक्षा त्यांचा उपयोग अधिक होतो.

आता जास्वंदीच्या फोटोंत नेमके काय घडले ते पाहू. जवळ जाताना स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली फार झपाट्याने कमी होते. आपल्या सेन्सरसाठीचा रूढ हिशेब घेतला, तर १:१ वर एफ/८ ला ही खोली सुमारे ०.६ मिमी. भरते. तेच ॲपर्चर ठेवून १:२ वर आलो की ती जवळजवळ २ मिमी. होते आणि १:३ च्या आसपास साडेतीन मिलिमीटरपर्यंत जाते. म्हणजे मॅग्निफिकेशन (वस्तूच्या मानाने प्रतिमेचा आकार) निम्मे केल्याने खोली तिप्पट होते, पण ॲपर्चर एफ/८ वरून एफ/१६ वर नेल्याने ती केवळ दुप्पट होते. त्यातून ॲपर्चर बारीक करण्याची किंमत वेगळीच मोजावी लागते. प्रकाश अरुंद छिद्रातून जाताना पसरतो आणि बिंदूच्या जागी छोटी चकती उमटते. जवळच्या अंतरावर हा परिणाम लिहिलेल्या ॲपर्चरवरून वाटतो त्यापेक्षा जास्त असतो, कारण प्रत्यक्षातले ॲपर्चर ढोबळमानाने लिहिलेल्या आकड्याला (१ + मॅग्निफिकेशन) ने गुणून मिळते. १:१ वर एफ/२२ म्हणजे जवळपास एफ/४४. त्या छिद्रातून पडणारी प्रकाशाची चकती आपल्या सेन्सरवर सुमारे पंधरा पिक्सेल रुंद होते, मग बारीक शिरा आणि परागकण वेगळे दिसणार कसे? एफ/८ ला तीच चकती पाच-सहा पिक्सेलांची असते आणि थोड्या शार्पनिंगने ती सहज सावरते. प्रकाशाचा तोटाही याच हिशेबाने होतो; १:१ वर दोन स्टॉप कमी, म्हणजे एक चतुर्थांशच प्रकाश सेन्सरवर पोचतो. निकॉनचे कॅमेरे जवळ गेल्यावर हा बदललेला आकडाच पडद्यावर दाखवतात, त्यामुळे आपली एफ/२.८ ची लेन्स तेवढी उघडतच नाही असे पाहून नवे वापरकर्ते घाबरतात. कॅनन लेन्सवरचा मूळ आकडा दाखवते. लेन्स दोन्हीकडे तेच करत असते.

आपण आणखी एक शंका विचारली आहे की, लेन्सवर किमान अंतर ३० सेंटिमीटर लिहिलेले असताना ती फुलाच्या वीतभर अंतरापेक्षाही जवळ का न्यावी लागते. ते अंतर लेन्सच्या टोकापासून नव्हे, तर सेन्सरच्या पातळीपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला आडवी रेघ असलेले छोटे वर्तुळ असते, ती ती पातळी. लेन्सची आणि कॅमेऱ्याची लांबी वजा केली की १०० मिमी.च्या लेन्सला १:१ वर फुलापासून साधारण तेरा-चौदा सेंटिमीटर उरतात. म्हणून जवळून काम करताना हूड (लेन्सच्या टोकावरचे आडोशाचे कडे) काढून ठेवावा. त्या अंतरावर तो प्रकाश अडवतो, त्याची सावली फुलावर पडते आणि पाकळीला धक्का लागण्याचीही भीती असते.

या सगळ्यावरून माझे ठाम मत असे आहे की, नव्या मॅक्रो लेन्सवर १:१ हा आकडा लिहिलेला आहे म्हणून प्रत्येक फूल तिथपर्यंत नेऊ नये. आधी फुलाचे माप पाहावे. आपल्या सेन्सरची उंची साडेपंधरा मिलिमीटर आहे. सदाफुलीचे चार सेंटिमीटरचे फूल थोडी मोकळी जागा ठेवून चौकटीत बसवायला १:३ एवढे मॅग्निफिकेशन पुरते आणि तिथे एफ/८ ला साडेतीन मिलिमीटरची खोली हाती असते; सपाट उमललेली सदाफुली समोरून घेतली, तर पाचही पाकळ्या कडेपर्यंत स्पष्ट येतात. सरावाला मी सदाफुलीच सुचवीन, आठ-दहा दिवस फक्त तीच. ती बारा महिने फुलते, सपाट असते आणि मध्यभागी तिचा छोटा डोळा फोकसला सोपा जातो. फोकस, समांतरता आणि प्रकाश या तिन्ही गोष्टी तिच्यावर जमल्या की मग गोकर्ण, शेवंती आणि शेवटी जास्वंद घ्यावी.

जास्वंद अवघड आहे, कारण तिचा मधला दांडा फुलातून कित्येक सेंटिमीटर बाहेर येतो. समोरून, लेन्सकडे रोखलेला तो दांडा घेतला की टोकाचे पाच तांबडे ठिपके, त्यामागचे पिवळे परागकोश आणि त्याही मागच्या पाकळ्या अशा तीन वेगवेगळ्या पातळ्या तयार होतात आणि कोणत्याही ॲपर्चरला त्या एकत्र बसत नाहीत. आपल्या फोटोंत नेमके हेच झाले. याऐवजी फुलाच्या बाजूला जावे आणि कॅमेरा असा वळवावा की दांडा सेन्सरला समांतर येईल. आता टोकापासून बुडापर्यंतचे सारे परागकोश एकाच पातळीत असतात, आणि १:२ वर एफ/८ ते एफ/११ ची खोली त्यांना पुरते. पाकळ्या मागे लाल रंगाचा मऊ पडदा होऊन राहतात. फुलाच्या छायाचित्रणात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. फुलातला जो भाग सांगायचा आहे, त्या भागाची पातळी शोधावी आणि सेन्सर तिला समांतर करावा. कॅमेरा दोन-तीन अंश फिरवल्याने जेवढे साधते, तेवढे ॲपर्चर दोन स्टॉप बारीक करूनही साधत नाही.

समोरूनच सगळे स्पष्ट हवे असेल, तर वेगवेगळ्या अंतरावर फोकस करून घेतलेले फोटो संगणकावर जोडण्याचा मार्ग आहे, आणि हल्लीच्या अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत असे फोटो आपोआप ओळीने घेण्याची सोय असते. वरच्या हिशेबाने १:३ वर, एफ/८ ला, दर दोन मिलिमीटरला एक असे पंधरा फोटो घेतले की तीन सेंटिमीटर खोली व्यापते. पण हे काम बंद खिडकीच्या खोलीत, कुंडीतल्या किंवा फुलदाणीतल्या फुलावर करावे. वाऱ्यात दोन फोटोंच्या दरम्यान पाकळी सरकली की जोडलेल्या चित्रात दुहेरी कडा दिसतात.

जवळच्या अंतरावर ऑटोफोकस पुढे-मागे भटकत राहतो, हे आपल्यालाही जाणवले असेल. लेन्सवर अंतर मर्यादित ठेवणारे बटण असेल तर ते जवळच्या टप्प्यावर ठेवावे. १:२ च्या पुढे गेल्यावर मात्र मॅन्युअल फोकसच बरा. हवे ते मॅग्निफिकेशन फोकसच्या रिंगने आधी ठरवून टाकावे, रिंग तशीच सोडावी आणि आपले शरीर कमरेपासून अगदी थोडे पुढे-मागे करत, पडद्यावर हवा तो भाग स्पष्ट झाला की शटर दाबावे. एका वेळी चार-पाच फोटोंची मालिका घेतली की त्यांतला एक बरोबर पातळीवर येतो.

हलण्याचा हिशेबही तितकाच कठोर आहे. १:१ वर फूल एक मिलिमीटर सरकले की त्याची प्रतिमाही सेन्सरवर एक मिलिमीटर सरकते, म्हणजे आपल्या कॅमेऱ्यात सुमारे अडीचशे पिक्सेल. सेकंदाला एक सेंटिमीटर एवढ्या मंद गतीने डोलणारे फूल १/२५० सेकंदात दहा पिक्सेल पुसले जाते. लेन्समधले कंपनरोधक तंत्र इथे उपयोगी नाही, कारण ते कॅमेऱ्याचे हलणे सावरते, फुलाचे नाही. आणि कॅमेऱ्याचे हलणेही ते जवळ गेल्यावर कमीच सावरते. कॅननने २००९ मध्ये १०० मिमी.च्या मॅक्रो लेन्समध्ये कॅमेऱ्याचे आडवे-उभे सरकणे टिपणारे तंत्र आणले, त्या लेन्सलाही दूरच्या वस्तूसाठी चार स्टॉपची आणि १:१ वर दोनच स्टॉपची मदत कंपनीने सांगितली होती. म्हणून १/५०० सेकंद हे माझे सुरुवातीचे शटर असते आणि त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० करायला मी कचरत नाही. दाण्यांचा फोटो सुधारता येतो, हललेला येत नाही. शिवाय डोलणारे फूल प्रत्येक झोक्याच्या टोकाला, दिशा बदलताना, क्षणभर थांबते. त्याची लय थोडा वेळ नुसती पाहत राहावे; कोणत्या टोकाला ते थांबते हे लक्षात आले की फोकस त्याच जागी धरून ठेवावा आणि फूल तिथे आल्यावर शटर दाबावे.

कासला हे सगळे एकदम कसाला लागेल. साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरचे हे पठार जांभ्याचे आहे आणि त्यावर मातीचा थर फार पातळ आहे. म्हणूनच तिथली बहुतेक फुले बुटकी, जमिनीलगत, ओलसर कातळावर येतात. समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपास उंचीवरच्या त्या उघड्या माळावर वारा जवळजवळ सतत असतो. त्यातल्या त्यात सकाळी तो कमी असतो, त्यामुळे लवकर पोचणे हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपाय आहे. धुके असेल तर निराश होऊ नये. धुक्यातला प्रकाश चहूबाजूंनी सारखा येतो आणि फुलांच्या शिरा, लव, दवाचे थेंब तो ज्या बारकाईने दाखवतो, तसे कडक ऊन कधीच दाखवत नाही. ऊन पडलेच, तर फुलावर पांढरी अर्धपारदर्शक छत्री धरावी. पावसाळ्यात छत्री सोबत असतेच, तेवढी पांढरी निवडावी.

सीतेची आसवे हे कासचे जांभळे फूल सेंटिमीटरभराचे असते, म्हणून इथे १:१ ची भाषा खऱ्या अर्थाने लागू होते. तरी पहिला फोटो तीन-चतुर्थांश मॅग्निफिकेशनच्या थोडे अलीकडे, एफ/११ ला घ्यावा. दीड मिलिमीटरची खोली मिळते. समोरून घेताना खालच्या ओठाच्या मध्यावरच्या फुगीर, फिकट भागावर फोकस ठेवावा आणि मागचे टोकदार शेपूट धूसर झाले तर होऊ द्यावे. बाजूने घेतल्यास ओठ आणि शेपूट एका पातळीत येतात आणि फुलाची संपूर्ण घडण दिसते. वनस्पती म्हणून ओळख पटवायची असेल, तर हा बाजूचा फोटो अधिक मोलाचा. गेंदाची पांढरी बोंडे दिसायला एक फूल वाटतात, पण प्रत्येक बोंड म्हणजे असंख्य सूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो आणि ते पाहायला आपली लेन्स पूर्ण जवळ नेणे सार्थकी लागते. गोल बोंडाच्या आपल्याकडच्या सर्वांत पुढच्या बिंदूवर नव्हे, तर त्याच्या किंचित मागे फोकस करावा, म्हणजे खोली दोन्हीकडे वाटली जाते. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट केसांवरचे थेंब प्रकाशाच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे सूर्य समोर ठेवून घेतले तरच चमकतात. कंदीलफुलाचे बारीक नळकांडे आणि वरची जाळीदार टोपी नेहमी बाजूने घ्यावी.

रंगांच्या बाबतीत नवी लेन्स काही वेगळे करत नाही, पण जवळ गेल्यावर पूर्ण चौकट एकाच रंगाने भरते आणि कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो. सोनकीच्या आणि कवल्याच्या पिवळ्या रंगात लाल रंगाचा आलेख (हिस्टोग्राम) सर्वांत आधी उजव्या भिंतीला टेकतो, म्हणजे तो रंग गरजेपेक्षा उजळ होऊन तपशील जातो. एकत्रित आलेख ठीक दिसत असतानाही पाकळीवरच्या शिरा तोवर गेलेल्या असतात. जास्वंदीच्या लालीत हेच घडते. तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे दाखवणारा पर्याय सुरू करावा आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घेत एक्स्पोजर एक ते दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवावे. टूथब्रश ऑर्किडसारख्या पांढऱ्या फुलांभोवती काळपट हिरवळ असते, तिथेही हीच काळजी घ्यावी.

पठारावर आखून दिलेल्या वाटांवरूनच फिरायचे असते आणि ते मनापासून पाळावे. हे पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे, पण त्याहून साधे कारण असे की, त्या पातळ मातीत एका फुलासमोर आडवे पडताना अंगाखाली डझनभर इतर रोपे चिरडली जातात. वाटेपासून दोन हात आत असलेल्या फुलासाठी आपली १०० मिमी.ची लेन्स टेलिफोटोसारखी वापरावी. छोट्या झुपक्याचा, पार्श्वभूमीसह घेतलेला फोटो एफ/४ ला फार सुंदर येतो. जवळचे फोटो वाटेच्या कडेलाच मिळतील तेवढे घ्यावेत. मधे येणारी गवताची काडी तोडू नये, हलकेच बाजूला धरावी आणि पुन्हा सोडून द्यावी.

आता खरेदीचे पाहू. कासच्या या फेरीसाठी ट्रायपॉड घेऊ नये. वाऱ्यात फूलच हलत असताना त्याचा फायदा थोडा असतो, त्याचे पाय वाटेबाहेर जातात आणि जमिनीलगत उतरणारा चांगला ट्रायपॉड जडही असतो आणि महागही. त्याऐवजी जाड कापडाच्या छोट्या पिशवीत तांदूळ भरून, तोंड शिवून, ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून न्यावी; वाटेवर ती ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली की कॅमेरा जमिनीपासून चार बोटांवर पक्का बसतो. गुडघ्याखाली घ्यायला एक जाड चटई आणि कॅमेऱ्याचा वर वळवता येणारा पडदा एवढे पुरे. फ्लॅशचे मात्र वेगळे आहे. कमी शक्तीवर चालवलेल्या फ्लॅशचा झोत हजारांश सेकंदापेक्षाही कमी वेळ टिकतो, त्यामुळे डोलणारे फूलही गोठते आणि एफ/११ ला आयएसओ २०० वर काम होते. परंतु उघडा फ्लॅश पाकळ्यांवर चकाकी आणतो आणि मागचे सारे काळे करतो. त्याच्यापुढे लेन्सच्या टोकापर्यंत येणारा, बटर पेपरचा किंवा पातळ पांढऱ्या कापडाचा मोठा पडदा लावावा आणि आयएसओ थोडा वाढवून पार्श्वभूमीला नैसर्गिक प्रकाशही मिळू द्यावा. आपल्याकडे जुना साधा फ्लॅश पडून असेल तर तोच न्यावा. नसेल तर नवा घेण्याची घाई कासहून परत आल्यावर, स्वतःचे फोटो पाहून करावी.

जाताना गाडीत एसी चालू असेल, तर पठाराच्या आधी अर्धा तास कॅमेऱ्याची पिशवी बंदच ठेवून एसी थांबवावा. थंड काचेवर बाहेरची दमट हवा लागली की समोरचे भिंग धुरकट होते आणि ते पुसून लगेच जात नाही. घरी आल्यावर लेन्स ओल्या पिशवीत ठेवू नये. बाहेरून कोरडी पुसून, पंख्याखाली काही तास मोकळी ठेवून, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगांच्या आत बुरशीचे जाळे धरायला फार दिवस लागत नाहीत आणि ती काढायला लेन्स उघडावी लागते. भिंतीवरच्या वर्तमानपत्राचे आणि तिरक्या पट्टीचे फोटो काढून झाल्यावर निकालात शंका वाटली, तर ॲपर्चरचे आकडे लिहून ते मूळ आकारात पाठवावेत, पाहून कळवीन.